शोग्रेन आणि पुन्हा पुन्हा घसरणारं पोटॅशियम

रानजाई:
नात्यातल्या बाई, वय ४२, वजन ५० किलो. शोग्रेन आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते तो आजार), त्यात सापडणारी अँटी-रो अँटिबॉडी पॉझिटिव्ह. पायांतलं बळ जाऊन दुसऱ्यांदा ॲडमिट. सोडियम १४०, पोटॅशियम २.१, क्लोराइड ११७, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल मारणारा क्षार) १३, क्रिएटिनिन ०.९, सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ६००, लघवीचा पीएच ७. पोटॅशियम क्लोराइडच्या सिरपने चालू लागतात, सिरप थांबलं की पुन्हा तेच. हा मायोसायटिस (स्नायूंचा दाह) का? स्टेरॉइड लागेल?

नेफ्रॉन:
आधी आकडेमोड करा. १४० वजा (११७ + १३) = १०, म्हणजे ॲनायन गॅप (रक्तात वेगळं काही आम्ल साचलंय का हे सांगणारा फरक) नॉर्मल. बायकार्बोनेट १३ वर, म्हणजे रक्तात आम्ल एवढं वाढलेलं असताना लघवीचा पीएच ५.५ च्या खाली यायला हवा, इथे ७. हा डिस्टल आरटीए (रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, मूत्रनलिकांच्या दोषाने रक्तात आम्ल साचणं), टाइप १. शोग्रेनमध्ये मूत्रनलिकांभोवती लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जमतात, नलिकांच्या शेवटच्या भागातून आम्ल बाहेर पडेनासं होतं आणि पोटॅशियम वाहून जातं. क्रिएटिनिन नॉर्मल दिसलं की 'किडनी ठीक' असा शेरा पडतो, घोळ तिथेच होतो.

क्लोराइडच्या सिरपने पोटॅशियम भरतं, पण आम्ल तसंच राहतं, म्हणून गळती चालूच. पोटॅशियम सायट्रेट हवं. त्यातून आम्ल मारणारी अल्कलीही मिळते. अल्कली साधारण किलोमागे दिवसाला १ ते २ एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक), म्हणजे यांना ५० ते १००, तीन-चार वेळा विभागून, जेवणानंतर. १०८० मिलिग्रॅमच्या गोळीत फक्त १० एमईक्यू असतात. नेमका डोस डॉक्टर रिपोर्ट बघत ठरवतील. बाटलीवरचं नाव मात्र वाचाच: उन्हाळी लागल्यावर देतात ते डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट वेगळं, त्यात पोटॅशियम नसतं.

रातपाळी:
बळ गेल्याचा झटका आलेला असताना औषधांचा क्रम चुकला तर जिवावर बेततं. बायकार्बोनेट आधी दिलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं, आकडा आणखी पडतो आणि श्वासाचे स्नायू थकतात. ग्लुकोजचं सलाईन इन्सुलिन वाढवून तेच करतं. म्हणून आधी पोटॅशियम, तेही नॉर्मल सलाईनमधून: हाताच्या शिरेतून तासाला १० एमईक्यू, ईसीजी मॉनिटर लावून फार तर २०. मान उशीवरून उचलता येते का, एका श्वासात २० पर्यंत मोजता येतं का, हे बघत राहायचं. येत नसेल तर आयसीयू.

टेस्टट्यूब:
सीपीके ६०० वरून मायोसायटिस ठरवू नका. पोटॅशियम २.५ च्या खाली गेलं की स्नायूंच्या पेशी त्यामुळेच फुटू शकतात. ते भरून आल्यावर सीपीके पुन्हा करा. तेव्हाही चढलेलं असेल तर ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी). लघवीचा नमुना ताजाच हवा, शिळ्या किंवा जंतुसंसर्ग असलेल्या लघवीत पीएच चढलेला दिसतो. सोबत हाडांसाठी अल्कलाइन फॉस्फेटेज आणि व्हिटॅमिन डी या रक्ततपासण्या. आम्ल वर्षानुवर्षं साचलं तर हाडं मऊ पडतात, मग पोटॅशियम ४ असूनही मांडी घालून बसलेलं माणूस हात टेकल्याशिवाय उठत नाही. नेफ्रोकॅल्सिनोसिससाठी (किडनीत कॅल्शियम साचलंय का ते बघायला) सोनोग्राफीही.

नेफ्रॉन:
स्टेरॉइडचं राहिलं. नुसत्या आरटीएला बहुधा अल्कली पुरते. क्रिएटिनिन चढू लागलं तर बायोप्सी, आणि त्यात इंटरस्टिशियल नेफ्रायटिस (नलिकांभोवतीच्या भागाचा दाह) दिसला तर स्टेरॉइडचा विचार. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने पोटॅशियम आणखी उतरू शकतं, २.१ वर असताना सुरू करायची घाई नको.