मदत हवी आहे: सिसिलीतले राजवाडे आणि जुन्या कचेऱ्या, सोबत ७४ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन सिसिलीला जायचं ठरलंय. मी, नवरा आणि बाबा. आठ रात्री. पालेर्मोला उतरायचं आणि कातानियाहून परत, एवढी विमानाची तिकिटं झालीत. बाकी सगळं हवेत आहे.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. कुठल्याही गावाला गेलं तरी देऊळ, धबधबा वगैरे नंतर, आधी जुनी कचेरी. मागे कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन पटकन उरकून टाउन हॉलच्या छपराकडे मान वर करून अर्धा तास उभे होते. त्यांच्या मते इमारतीचं संग्रहालय झालं की ती मेली. "जिथे अजून टेबलं आहेत, फायली हलतायत, असे वाडे दाखव," ही त्यांची मागणी. पालेर्मोच्या नॉर्मन राजवाड्यात आजही सिसिलीची विधानसभा भरते हे कुठेतरी वाचून त्यांनी वहीत लाल पेनाने अधोरेखित केलंय.

शोधलं तर सगळीकडे समुद्र, एटना आणि पिस्त्याचं आइस्क्रीम. म्हणून इथे विचारतेय.

१. जिथे कामकाज चालतं तिथे पर्यटकांना नक्की कधी सोडतात? आम्ही मंगळवारी पोचतोय, शुक्रवारी सकाळी पालेर्मो सोडायचा विचार आहे.
२. बाबांचा उजवा गुडघा. दोन मजले चढतात, उतरताना हाल होतात.
३. तेआत्रो मास्सिमो नुसतं आतून बघावं की ऑपेराचं तिकीट काढावं? बाबांना गाण्यात रस नाही, छतात आहे.
४. कातानिया, सिराकूज, नोतो. यातलं काय सोडू?

आणि हो, बाबा पक्के शाकाहारी. शेजारच्या ताटातला मासासुद्धा चालत नाही.

प्रतिसाद १

हॉटेल बुक केलं नसेल तर आधी थांबा!

विधानसभेच्या कामकाजामुळे मंगळवार, बुधवार, गुरुवार राजवाड्याची शाही दालनं बंद असतात. राजवाड्यातलं चॅपेल (राजाचं प्रार्थनामंदिर) बघता येतं. म्हणजे तुम्ही नेमके बंदच्या दिवसांत पालेर्मोत असणार आणि दालनं उघडतील त्या सकाळी बॅगा भरणार. मी हेच केलंय. बुधवारी गेले, चॅपेल बघून वर जायला निघाले तर दोरी लावलेली. दोष कुणाचा नाही, मीच वार न बघता गेले होते.

शक्य असेल तर शुक्रवार किंवा शनिवार राजवाड्याला द्या. रविवारी सकाळी चॅपेलमध्ये मिस्सा असते, त्या वेळात पर्यटकांना सोडत नाहीत. अधिवेशन, समारंभ असं काही निघालं की वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नजर टाकाच.

बाबांना सांगा, विधानसभेच्या सभागृहाचं नाव साला देर्कोले, म्हणजे हर्क्युलिसचं दालन. वर भिंतीवर हर्क्युलिसचे पराक्रम रंगवलेत आणि खाली १९४७ पासून आमदार बसतात. त्याच मजल्यावर राजा रॉजरचं दालन आहे. सोनेरी मोझेइकमध्ये ताडाची झाडं, समोरासमोर उभे बिबटे, मोर. मला तर चॅपेलपेक्षा ते जास्त आवडलं, पण हे कुठे बोलायची सोय नाही.

चॅपेल म्हणजे कापेल्ला पालातिना. दुसऱ्या रॉजरने बाराव्या शतकात बांधून घेतलं. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीचे ख्रिस्त आणि संत, आणि छत मात्र लाकडी, मधाच्या पोळ्यासारखं खणाखणांचं, अरबी धाटणीचं. त्या खणांमध्ये वादक आहेत, प्याले घेऊन बसलेली माणसं आहेत, बुद्धिबळ खेळणारेही आहेत. खालून उघड्या डोळ्यांना काही कळत नाही. छोटी दुर्बीण न्या. पक्षी बघायची असते ती. माझ्याकडे नव्हती, शेजारच्या जर्मन आजोबांकडून मागून घेतली.

चॅपेलच्या बाहेर भिंतीत एक संगमरवरी शिळा आहे, लोक तिच्यासमोरून सरळ निघून जातात. राजाने ११४२ मध्ये पाण्याचं घड्याळ करवून घेतलं त्याचा लेख. एकाच मजकुराची लॅटिन, ग्रीक आणि अरबी पाटी, आपल्या रेल्वे स्टेशनवर नाव तीन भाषांत असतं तशी. सरकारी माणसाला ही नक्की आवडेल.

प्रतिसाद २

+१ वाराबद्दल.

मास्सिमो आतून बघा. मार्गदर्शकासोबत छोटी फेरी असते, तुमच्या बाबांना तेवढं पुरे. प्रेक्षागृहाच्या छतावर चित्रांच्या मोठ्या पाकळ्या आहेत आणि गरम हवा बाहेर जावी म्हणून त्या उघडता येतात. १८९७ मध्ये नाट्यगृह सुरू झालं तेव्हा वातानुकूलन हे असं.

आणि हे बाबांना आवर्जून सांगा: १९७४ मध्ये दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलं, ते उघडलं १९९७ मध्ये. तेवीस वर्षं! बांधकाम खात्यातल्या माणसाच्या जिवाला केवढं बरं वाटेल. 😄

धागाकर्ती

बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. हसले नाहीत. म्हणाले, "निविदा कितीदा काढली ते विचार."

वाराचं फारच बरं झालं कळलं. मग आधी पूर्वेकडे जाऊन शेवटी पालेर्मोला यावं का? पण परतीचं विमान कातानियाहून आहे.

प्रतिसाद ३

उलटापालट कशाला? पालेर्मोतच शनिवार सकाळपर्यंत राहा. चार रात्री झाल्या तरी जड होणार नाहीत. पालेर्मो ते कातानिया तीनेक तासांचा रस्ता आहे, दुपारी निघालात तरी संध्याकाळी पोचाल.

मी वास्तुविशारद आहे, म्हणून एक नाव पुढे करतो: ला झीसा. पहिल्या विल्यमने ११६५ च्या सुमारास सुरू केलेला आणि त्याच्या मुलाने पुरा केलेला उन्हाळी महाल. झीसा हे नाव अरबी 'अझीझ'वरून आलेलं. बाहेरून बघाल तर चौकोनी दगडी खोका, आजूबाजूला फ्लॅटच्या इमारती आणि वाळत घातलेले कपडे. इतक्या लांब यासाठी आलो? असं वाटेल. तरी आत जा.

तळमजल्याच्या मधल्या दालनात मागच्या भिंतीतून पाणी यायचं, तिरप्या संगमरवरी फरशीवरून पसरत खाली उतरायचं, जमिनीतल्या अरुंद पाटातून आणि छोट्या चौकोनी हौदांतून दालनाच्या बाहेर, थेट समोरच्या तलावात. इमारतीचं तोंड समुद्राकडे. वारा तलावावरून येणार, पाण्यावरून आत शिरणार, गरम हवा वरच्या वाटांनी निघून जाणार. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली गार करायचे, त्यातलंच तत्त्व, फक्त अख्खी इमारतच ताटी केलीय. बाबांना पाटाच्या कडेला उभं करा, पाणी कुठून कुठे जायचं ते त्यांचं त्यांनाच कळेल. हा सगळा भाग तळमजल्यावर, म्हणजे गुडघ्याचाही प्रश्न नाही.

१९७१ मध्ये या महालाचा एक भाग कोसळला होता. दुरुस्ती होऊन तो खुला झाला १९९१ मध्ये. म्हणजे इथेही वीस वर्षं, वरच्या प्रतिसादाशी ताडून बघा. नवं बांधकाम कुठे जोडलंय ते ओळखायचा खेळ बाबांसोबत खेळा.

मात्र झीसा हे आता संग्रहालय आहे. त्यांच्या हिशेबाने मेलेली इमारत. त्याला इलाज नाही.

फायली हलणारी जागा हवी तर पालात्सो स्तेरी. चौदाव्या शतकातल्या सरदाराचा वाडा, पुढे व्हाइसरॉयचं निवासस्थान, मग १६०० पासून १७८२ पर्यंत इन्क्विझिशनची (पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या धर्मन्यायालयाची) कचेरी आणि तुरुंग, आणि आज विद्यापीठाच्या कुलगुरूंचं कार्यालय. कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी काढलेली चित्रं, नकाशे, कविता आहेत. गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांच्या पोटात इथे जरा खड्डा पडतो.

प्रतिसाद ४

पालिकेची इमारत विसरलात सगळे! पालात्सो प्रेतोरियो. तिच्यासमोरचं कारंजं खरं तर फ्लॉरेन्समधल्या एका बागेसाठी केलं होतं. पालेर्मोच्या नगरपालिकेने १५७३ मध्ये ते विकत घेतलं आणि ६४४ तुकडे करून जहाजाने आणलं. सगळे पुतळे उघडेनागडे, शेजारी मठ. लोकांनी चौकाचं नाव पाडलं 'लाजेचा चौक'. सेकंडहँड खरेदी आणि वरून ओरडा, पालिका कुठलीही असो.

त्या सांता कातेरिना मठाच्या गच्चीवरून चौक सुंदर दिसतो, पण जिने आहेत. तुम्ही दोघं वर जा, बाबांना खाली मठातल्या मिठाईच्या दुकानात बसवा.

जेवणाचं: पानेल्ले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, पातळ थापून, तुकडे करून तळतात आणि तिळाच्या पावात घालतात. पाटवडी तळून पावात घातली असं समजा, फक्त फोडणी नाही. हिरवी मिरची बरोबर न्या. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, तीही चालेल. त्यात कुठे कुठे मासे घालतात, तेवढं विचारून घ्या. तळण्याचं तेलही विचारा, त्याच कढईत मासे तळलेले असू शकतात.

प्रतिसाद ५

पूर्वेकडचं थोडक्यात. नोतो सोडू नका, कातानियाला अर्धा दिवस पुरे. १६९३ च्या भूकंपानंतर हा सगळा पट्टा नव्याने उभा राहिला, म्हणून नगरपालिकासुद्धा राजवाड्यासारख्या. कातानियाच्या पालिकेसमोर काळ्या लाव्हाच्या दगडाचा हत्ती आहे, आणि पालिकेचं नावच 'हत्तींचा वाडा'.

सिराकूजमध्ये ओर्तिजा बेटावर पालिकेची इमारत आहे, पालात्सो वेर्मेक्सियो. तिच्या डाव्या कोपऱ्यात वर, कंगोऱ्याजवळ, एक दगडी पाल आहे. वास्तुरचनाकार वेर्मेक्सियोला लोक पाल म्हणायचे, त्याने सहीच्या जागी तीच कोरून टाकली. आम्हाला सापडायला दहा मिनिटं लागली. दुर्बीण नेताच आहात तर...

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: शनिवार सकाळपर्यंत पालेर्मो. बुधवारी मास्सिमो आणि पालिकेचा चौक, गुरुवारी झीसा आणि स्तेरी, शुक्रवारी फक्त राजवाडा. मग ओर्तिजात तीन रात्री, तिथून नोतो, आणि शेवटची रात्र कातानियात. दुर्बीण भावाकडून आणलीय.

बाबांनी अख्खा धागा चष्मा पुसून पुसून वाचला. त्यांचा आता वेगळाच हट्ट आहे: मंगळवार ते गुरुवार विधानसभा चालू असते तर दालनं बघायला शुक्रवारची वाट कशाला बघायची, प्रेक्षक गॅलरीचा पास काढून बुधवारीच आत जाऊ! पर्यटकांना असा पास मिळतो का? कुणी काढलाय?