मदत हवी आहे: उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरचा लघुपट

नमस्कार मंडळी. आम्ही मिरजेच्या एका चर्चमधली तरुण मुलं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, म्हणजे येशूनं सांगितलेल्या बोधकथेवर, वीस मिनिटांचा लघुपट करतोय. धाकटा मुलगा आपली वाटणी उधळून परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, आणि थोरला रागावून घराबाहेरच थांबतो, अशी ती गोष्ट. शूटिंग कृष्णाकाठच्या उसाच्या मळ्यात.

अडचण अशी, की दाखल्यात आईचा उल्लेखच नाही. वडीलधारे म्हणतात, वचनात नाही ते दाखवू नका. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीनं १९६४ साली मत्तयचं शुभवर्तमान पडद्यावर आणलं, तेव्हा संवाद जवळजवळ सगळे मूळ वचनांतूनच घेतले. मला ती वाट मनापासून पटते. पण दारात नुसती गप्प उभी असलेली आई दाखवली, तर तीही भर घालणंच का?

काल तालमीत बापाचं काम करणारे काका बांधावरून पळत आले, एक चप्पल चिखलात रुतली, तरी थांबले नाहीत. वचनात एवढंच आहे, की बाप धावत गेला. ती चप्पल मी ठेवणार.

थोरला भाऊ शेवटी घरात गेला का, हे येशूनं सांगितलेलं नाही. त्यामुळं आमचाही थोरला अंगणातच राहील, हे ठरलंय.

आईचं मात्र ठरत नाही. कुणी बायबलवर नाटक किंवा फिल्म केली असेल तर कृपया सांगा, रविवारी शूटिंग आहे.