मदत हवी आहे: तूरडाळीऐवजी हुलगे, मटकी, मसूर रोजच्या जेवणात कसे बसवावेत?

नमस्कार. आमच्या किराण्याच्या खर्चात तूरडाळीचा वाटा फार मोठा होतो, म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस तरी मसूर, मटकी, चवळी आणि हुलगे यांवर भागवावे, असा माझा विचार आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत जे लायसिन (प्रथिनांतील एक आवश्यक घटक) कमी पडते ते कडधान्यांतून मिळते, त्यामुळे मुलांच्या पोषणात उणीव राहणार नाही, याची मला खात्री वाटते.

खरी अडचण हुलग्यांची आहे. आमच्याकडे बोअरवेलचे जड पाणी येते आणि त्यातील कॅल्शियममुळे कडधान्य शिजायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. चिंच किंवा आमसूलही मी दाणे शिजल्यावरच घालते. तरीही रात्रभर भिजवलेले हुलगे कुकरमध्ये टणकच राहतात आणि डाळीत वाचलेले पैसे गॅसवर जातात. खाण्याच्या सोड्याने ते मऊ होतील, परंतु त्यामुळे थायमिन हे जीवनसत्त्व कमी होते, म्हणून तो टाळावासा वाटतो. मोड आणून शिजवल्यास पुरेसा फरक पडतो का, की हुलगे भाजून, दळून त्यांचे पिठले आणि शेंगोळेच करावेत?

सासूबाईंना मटकी-चवळीच्या उसळीने पोटात वायू धरतो. भिजवलेले पाणी फेकून देणे आणि फोडणीत हिंग, ओवा घालणे हे मी करतेच; याशिवाय काय करावे? तसेच ओले खोबरे महाग पडत असल्याने केवळ शेंगदाण्याच्या कुटावर किंवा कांदा-लसणावर होणाऱ्या उसळी व आमट्या कृपया प्रमाणासह सांगाव्यात.