मदत हवी आहे: डेटा एकच, टी-टेस्टचे निकाल दोन

पाकीटबंद
पिठाची पाकिटं, छापील वजन ५०० ग्रॅम. १६ मोजली, सरासरी ४९६.२. माझ्या एक्सेलमध्ये प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) ७.७५, त्यावरून टी-टेस्टचं उत्तर, म्हणजे सरासरी ५००पासून किती लांब आहे त्याचं माप, १.९६२. तक्त्यात १.९६ आहे, म्हणजे ५ टक्के पातळीवर नल हायपोथेसिस (‘खरी सरासरी ५००च आहे’ हे गृहीतक) बाद. सहकाऱ्याला विचलन ८ आणि उत्तर १.९ मिळतं, तो म्हणतो बाद होत नाही. कोणाचं धरायचं?

नमुनेदार
सहकाऱ्याचं. तुम्ही एक्सेलचं एसटीडेव्ह.पी हे सूत्र वापरलंय. ते १६ने भागतं, म्हणजे ही १६ पाकिटं हाच सगळा माल असं धरून चालतं. नमुन्याला एसटीडेव्ह.एस, भागाकार १५ने. मग ८ ÷ √१६ = २, आणि (४९६.२ − ५००) ÷ २ = −१.९.

तक्ताही चुकलाय. १.९६ हा झेडचा आकडा. सगळ्या मालाचं विचलन आधीच ठाऊक असेल तर चालतो. इथे ते नमुन्यातूनच काढलंय, म्हणून टी-तक्ता, १५ डिग्रीज ऑफ फ्रीडम (पाकिटांच्या संख्येतून एक वजा), दोन्ही टोकं (वजन कमी किंवा जास्त, दोन्ही शक्यता धरून): मर्यादा २.१३१. १.९ त्याहून कमी, म्हणून बाद होत नाही. पी-व्हॅल्यू (खरी सरासरी ५०० असताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०७७च्या आसपास. (गिनेसच्या दारूभट्टीतल्या गॉसेटने १९०८मध्ये हे गणित मांडलं ते अशाच छोट्या नमुन्यांसाठी.)

पाकीटबंद
पण चिंता फक्त कमी वजनाची आहे. एकच टोक घेतलं तर मर्यादा १.७५३, मग बाद होतंय की!

नमुनेदार
वजन करण्याआधी ठरलं होतं का? सरासरी कमी दिसल्यावर डावं टोक निवडलंत, जास्त दिसली असती तर उजवं निवडलं असतंत. अशाने कागदावर ५ टक्के, प्रत्यक्षात चुकून बाद करण्याची शक्यता १० टक्के.

काठावरपास
रिपोर्टमध्ये ‘वजन ५०० ग्रॅम असल्याचं सिद्ध झालं’ असंही लिहू नका. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खऱ्या सरासरीचा अंदाजे पट्टा) ४९१.९ ते ५००.५ येतो, त्यात ४९३सुद्धा बसतं. विचलन ८ असताना ४ ग्रॅमची खरी तूट १६ पाकिटांत निम्म्याहून कमी वेळा पकडली जाते. १००पैकी ८० वेळा पकडायची तर ३४ लागतात, दोन्ही टोकं धरून.

ती ३४ नव्याने घ्या. या १६मध्ये एकेक भर घालत ‘आता बाद झालं का’ बघत बसलात तर ५ टक्क्यांना अर्थ उरत नाही. मशीनवरून सलग उचलू नका. लागोपाठची पाकिटं एकाच सेटिंगवर भरलेली असतात, वजनं जवळजवळ येतात, विचलन खोटं लहान दिसतं आणि टी उगाच फुगतो. पूर्ण शिफ्टभर विखरून घ्या. आणि रिकाम्या पाकिटाचं वजन वजा केलंय ना?