पवनेचं पाणी पाहायचंय? मग रविवारी लोहगड सोडा, तिकोना धरा

पायवाट:
मंडळी, थोडं कळकळीने लिहितोय. गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन लोहगडला गेलो. लोहगडवाडीच्या बऱ्याच अलीकडे गाड्या तुंबलेल्या, गणेश दरवाजात खांद्याला खांदा. वर पोचलो तर सगळीकडे ढग. पवना धरण कुठल्या अंगाला आहे ते लेकीला नुसतं बोट दाखवून सांगावं लागलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात लोहगड आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण डोंगर आणि पाणी एकत्र बघायचं असेल तर समोरच तिकोना उभा आहे. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोनापेठ गाठायची, सव्वा तासात माथा. वर महादेवाच्या देवळापाशी उभं राहिलं की पायथ्यापासून पाणी पसरलेलं दिसतं. पाण्यापल्याड तुंगचा सुळका, उजवीकडे लोहगड-विसापूरची जोडी. एवढं सोडून आपण सगळे एकाच गडावर का लोटतो?

जुनाडोंगरी:
अजिबात पटलं नाही. तिकोना चांगलाच आहे, पण "घरच्यांना घेऊन" म्हणताय म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाबांना तिकोन्यावर नेलं होतं. शेवटच्या टप्प्यात कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आहेत, काही तर गुडघ्याएवढ्या उंच. वरून पाणी वाहत होतं. चढताना काही वाटलं नाही. उतरताना बाबा तिसऱ्याच पायरीवर थांबले, भिंतीला टेकलेला तळहात काही केल्या सोडेनात. शेवटी त्यांना तोंड कातळाकडे करायला लावलं आणि खाली उभा राहून त्यांचं एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर टेकवत गेलो. तेवढ्या पायऱ्यांना पाऊण तास लागला. मागे उभी असलेली पोरं एक शब्द न बोलता थांबली, त्यांचे उपकार आहेत.

लोहगडच्या पायऱ्या रुंद आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, प्रत्येक ठिकाणी बसून दम खाता येतो. सत्तरीची माणसं तिथे चढतात ती याच जोरावर. गर्दीचा त्रास असेल तर मंगळवार-बुधवारी जा. लोकलने मळवलीला उतरा, भाज्याच्या लेण्यांवरून चालत निघा.

कारवी:
पाण्यावर वाद चाललाय आणि तुंगचं नाव ओझरतं? तीन बाजूंना पाणी असलेला गड तोच. घुसळखांबवरून तुंगवाडी, तिथून तासाभराची चढण, वर तुंगाईचं देऊळ. मात्र वाट अरुंद, एका अंगाला दरी. लहान मुलं आणि पावसाळा, दोन्ही टाळा. कठीणगड हे त्याचं दुसरं नाव उगाच नाही.

पायवाट:
जुनाडोंगरी, पावसातल्या पायऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी ते लिहायला हवं होतं. पण मूळ मुद्दा सोडत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारही होते. एकाच खोऱ्यावर चौघांची नजर. नुसता लोहगड करून घरी परतणाऱ्याला पवन मावळ कसा कळणार? धडधाकट पायांच्या माणसांनी तरी बाकीच्या तिघांवर जावं. म्हणजे ज्यांना लोहगडाशिवाय पर्याय नाही त्यांना तिथे जागा मिळेल.

पवनाकाठ:
मी काठावरच्याच गावचा. तुम्ही दोघंही गड कुठला यावर भांडताय, आधी महिना ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये चारही माथे ढगात असतात, बहुतेक वेळा कुठूनच काही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं आणि काठाला चिखलाचा पट्टा उरतो. धरण भरलेलं आणि हवा स्वच्छ, असं हवं असेल तर दसऱ्यानंतर या. तोवर तिकोन्याच्या पायऱ्याही वाळलेल्या असतात.

आणि एक विनंती. पाणी वरूनच बघा, उतरून काठावर पोहायला जाऊ नका. वरून काठ सपाट दिसतो, पण हे धरण १९७२ चं आहे. खाली आमची जुनी शेतं आहेत, बांध आहेत, ओढ्यांच्या घळी आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा पुढच्या पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जातो. त्यात गाळ पाय धरून ठेवतो. वर्षानुवर्षं शहरातली तरणीताठी पोरं अशी गेलेली आम्ही पाहिली आहेत, आणि शोधायला रात्री गावातलीच माणसं पाण्यात उतरतात.

तुम्ही ज्याला नजारा म्हणता तो आमच्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचा न मिटलेला प्रश्नही आहे. हे पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. माझी आजी त्या दिवसांत तिथे दर्शनाला जायची आणि येताना आपलं शेत कुठे होतं ते हाताने दाखवायची. गडावरून पाणी बघाल तेव्हा एवढं मनात असू द्या. जेवण गावातल्या घरी सांगा, आदल्या दिवशी फोन केला तर पिठलं-भाकरी गरम मिळते.

कारवी:
पवनाकाठ, घळींचं हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये आजच टाकते.

जुनाडोंगरी:
दसऱ्यानंतर तिकोना करतो, पण एकटा. बाबांना लोहगडच. विंचूकाटा म्हणजे गडाची चिंचोळी सोंड, तिच्या अलीकडे जागा बघून बसवीन. तिथून पाणी दिसतं, आणि समोर तिकोनाही.