जेएफएफएस-टू पार्टिशनवरील कर्नल लिनक्सला बरोबर दिसतो, पण यू-बूटला ‘बॅड डेटा सीआरसी’ येते

काटेकोर (प्रश्न)

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील आमच्या छोट्या युनिटमध्ये आम्ही साखर कारखान्यांच्या ऊस वजनकाट्यांसाठी एआरएम बोर्डावरचा कंट्रोलर बनवतो. बोर्डावर २५६ एमबी नँड फ्लॅश असून त्यातील ६४ एमबीच्या जेएफएफएस-टू (फ्लॅशसाठीची फाइल सिस्टिम) पार्टिशनवर संपूर्ण रूट फाइल सिस्टिम आहे आणि तिच्यातच कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सुमारे ३ एमबीची यूइमेज, म्हणजे यू-बूटला लागणाऱ्या स्वरूपातली, फाइल ठेवलेली आहे. यू-बूट या बूटलोडरची (वीज येताच कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती २०१०.०६ आहे, ‘एफएसलोड’ने फाइल रॅममध्ये घेऊन ‘बूटएम’ने ती सुरू केली जाते.

नवा बोर्ड महिनोन्महिने व्यवस्थित चालतो. मात्र चालू लिनक्समधून नवा कर्नल जुन्या फाइलवरच कॉपी केला, की पुढच्या वेळी काही बोर्डांवर कन्सोल ‘व्हेरिफाइंग चेकसम’पाशी थांबतो आणि ‘बॅड डेटा सीआरसी’ (डेटाचा तपासणी-अंक जुळत नाही) असे दाखवतो. तोच बोर्ड नेटवर्कवरून बूट करून पार्टिशन माउंट केले, तर त्याच फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ओळख-अंक) तंतोतंत जुळतो. ‘व्हेरिफाय’ हे व्हेरिएबल ‘एन’ करून तपासणीच बंद करावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. मला ते पटत नाही. गळीत हंगामाला फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून मार्गदर्शन करावे.

रंकाळाकाठ

तपासणी कृपया बंद करू नका. ती केवळ तक्रार लपवेल आणि अर्धा जुना, अर्धा नवा कर्नल सुरू होईल.

जेएफएफएस-टू जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. प्रत्येक बदल नव्या नोडच्या (फाइलच्या एका तुकड्याच्या नोंदीच्या) रूपाने दुसरीकडे लिहिला जातो, त्यावर आवृत्ती क्रमांक असतो, आणि गार्बेज कलेक्शन (निरुपयोगी नोंदींची सफाई) होऊन तो ब्लॉक पुसला जाईपर्यंत जुना नोडही फ्लॅशवरच राहतो. लिनक्स आवृत्ती क्रमांक पाहून नवा नोड निवडतो. यू-बूट मात्र ‘सॉर्ट फ्रॅगमेंट्स’ हा पर्याय चालू नसेल तर नोड ज्या क्रमाने सापडतात त्याच क्रमाने रॅममध्ये उतरवतो, त्यामुळे जुना नोड नंतर सापडला तर तो नव्यावर बसतो. हा पर्याय चालू करून यू-बूट पुन्हा बिल्ड करून पाहा.

काटेकोर

आपले निदान अचूक निघाले, मनःपूर्वक आभार. पर्याय चालू केल्यावर बिघडलेले तिन्ही बोर्ड सुरू झाले. परंतु फाइल वाचायला आता जवळजवळ एक मिनिट लागते. काट्यावर वीज जाऊन आली की ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात आणि काटा लिपिकासमोरचा डिस्प्ले तेवढा वेळ कोराच राहतो.

दुसरीपाळी

हा वेळ त्या सॉर्टिंगचाच आहे. आपल्या आवृत्तीत प्रत्येक नोड यादीत घालतानाच त्याची जागा शोधली जाते, त्यामुळे नोड दुप्पट झाले की काम चौपट होते. एका नोडमध्ये जास्तीत जास्त ४ केबी डेटा मावतो. ६४ एमबीचे पार्टिशन भरलेले असेल तर सोळा हजारांहून अधिक नोड होतात, आणि आपल्याला हव्या असलेल्या कर्नलचे त्यांत साडेसातशेच्या आसपास! कर्नलसाठी ८ एमबीचे वेगळे पार्टिशन केले तर नोड आठपट कमी आणि तुलना चौसष्टपट कमी होतील.

पण खरे सांगायचे तर नव्या बोर्डांवर मी कर्नल जेएफएफएस-टूमध्ये ठेवणारच नाही. यूबीआयमध्ये (नँड फ्लॅशवरची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून सांभाळणाऱ्या लिनक्सच्या थरामध्ये) दोन स्टॅटिक, म्हणजे फक्त वाचण्यासाठीचे, व्हॉल्यूम करावेत. स्टॅटिक व्हॉल्यूमच्या डेटाला सीआरसी असतो, खराब ब्लॉक यूबीआय स्वतः सांभाळतो, यू-बूट ‘यूबीआय रीड’ने थेट वाचतो, आणि नवा कर्नल रिकाम्या व्हॉल्यूममध्ये पूर्ण लिहून झाल्यावर ‘यूबीआयरीनेम’ने दोन्ही नावांची अदलाबदल एकाच टप्प्यात करता येते. मधेच वीज गेली तरी एक धड प्रत शिल्लक असतेच.

रंकाळाकाठ

नव्या बोर्डांबाबत सहमत आहे. कारखान्यांत बसवलेल्या बोर्डांचे मात्र पार्टिशन हलवू नका आणि तिथे जाऊन बूटलोडरही बदलू नका. त्या क्षणी वीज गेली तर बोर्ड उघडून जेटॅग (चिपमध्ये थेट लिहिण्याची जोडणी) लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यांच्यासाठी फक्त अपडेटची स्क्रिप्ट बदला. नवा कर्नल वेगळ्या नावाने लिहा, ‘सिंक’ करा (म्हणजे तो फ्लॅशवर पूर्ण उतरेल), एमडी५ तपासा आणि मगच ‘एमव्ही’ या नाव बदलण्याच्या कमांडने जुन्या नावावर आणा. नव्या फाइलला नवा आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिममधला फाइलचा अंतर्गत क्रमांक) मिळतो, त्यामुळे जुन्या फाइलचे नोड तिच्यात मिसळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि सॉर्टिंगशिवायचा जुना यू-बूटही ती बरोबर वाचतो.

काटेकोर

बेंचवरच्या बोर्डावर जुन्याच यू-बूटसह या पद्धतीने सलग वीस वेळा कर्नल बदलला आणि प्रत्येक वेळी सीआरसी बरोबर आला. बसवलेल्या काट्यांसाठी हीच स्क्रिप्ट पाठवत आहे. यूबीआयची मांडणी पुढच्या बॅचपासून करू.