पॅरा पॉवरलिफ्टिंग की सरळ सेवा भरती? तुमचं मत सांगा

कापूसकोंड्या (यवतमाळ)
मंडळी, घरातला वाद इथं आणतो. पुतणी बीए सेकंड इयरला आहे, लहानपणी मळणीयंत्रात डावा पाय गुडघ्याखालून गेला. तालुक्याच्या जिममध्ये बेंच मारते, हाताले दम आहे पोरीच्या, नाही कसं म्हणू. पण आता म्हणते मले पॅरा पॉवरलिफ्टिंगच करायचं, म्हणजे दिव्यांगांचं, बेंचवर झोपून वजन वर ढकलायचं, देशासाठी खेळणाऱ्या सकिना खातूनसारखं. माझं म्हणणं आधी दिव्यांग कोट्यातून नोकरी धर, मग काय उचलायचं ते उचल.

आता सकिनाचंच पाहा ना. २०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थमध्ये ब्राँझ, २०१८ ला जकार्ताच्या एशियन पॅरात सिल्व्हर, टोकियोत पाचवी, पॅरिसलाही गेली. पॅरालिम्पिक मेडल? नाही. टोकियोत तिनं ९३ किलो उचलले आणि ब्राँझवाल्या ब्रिटनच्या पोरीनं १०७. देशातल्या एक नंबरच्या बाईची ही गत, कोच, कॅम्प सगळं असून, तं आमच्या गावातून काय होणार? मोठा भाऊ म्हणतो तिचं मन मोडू नको. मनाचं कोण बोलून राहिलं, मी पोटाचं बोलून राहिलो.

आर्वीची_ताई
वा काका, म्हणजे जगात पाचवं येणं तुमच्या हिशोबात फेल?? तुमच्या तालुक्यात कशात तरी जगात पाचवा आलेला एक माणूस दाखवा. आणि पोरगा असता दोन्ही पायांचा, पोलीस भरतीसाठी चार वर्षं ग्राउंड मारत बसला असता तर त्याला कोणी विचारलं नसतं की पोटाचं काय. रोज पहाटे रोडवर पळणारे पोट्टे दिसतात ना, त्यातले किती लागतात?

बे_दुणे_चार
ताई भावनेवर नका जाऊ. पॅरिसला भारताची २९ मेडल, त्यातली १७ अॅथलेटिक्समधली, पॉवरलिफ्टिंगमधलं एकही नाही. आजवरच्या सगळ्या पॅरालिम्पिकमध्ये आपलं या खेळातलं मेडल एकच, २००४ ला अथेन्सला राजिंदर सिंग रहेलूचं ब्राँझ. हाताले दम आहे तर पोरीले गोळाफेक, भालाफेकीत टाका. आपला सांगलीकडचा सचिन खिलारी गोळाफेकीतच सिल्व्हर घेऊन आला.

माजी_पीटी_सर
खिलारींचा अधूपणा हाताचा आहे हो, त्यांचा गटच वेगळा. पायाच्या पोरीला त्या गटात कसं टाकणार? अॅथलेटिक्समध्ये कोणाला कसलं अपंगत्व त्यावर गट पडतात, त्या गटांचंच मोठं जंगल आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये ते नाही, पात्र ठरलं की फक्त वजनगट, आणि बायकांचा सगळ्यात खालचा ४१ किलोपासून, आपल्याकडच्या बारीक पोरींना सोयीचा.

पण मला वाद भलताच वाटतो. नोकरी की खेळ हे नंतर, आधी सांगा ती झोपते कशावर? साध्या जिमचा बेंच अरुंद, पाय खाली जमिनीवर टेकवून जोर लावायचा. पॅरामध्ये आख्खी बाई बेंचवर, पायसुद्धा वर, सरळ, बेंच २१० सेंटीमीटर लांब आणि धडाखाली ६१ रुंद. एक पाय अर्धा असला की बार खाली येताना अंग एका बाजूला घसरते, म्हणून पट्टे बांधतात. आमच्याकडे एक पोरगी यायची, ती ओढणीनं मांड्या बेंचला बांधायची, दोन सेट झाले की गाठ ढिली, परत उठून बांधायची. शिवाय जिममध्ये बार छातीवर आपटून उडवतात तसं इथं चालत नाही. पंच 'स्टार्ट' म्हणतो, बार छातीवर आणून थांबवायचा, एकदम स्थिर, मग दोन्ही हात सारखे वर, कोपरं लॉक, 'रॅक' म्हटल्यावरच सोडायचा. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच लिफ्ट. जिममध्ये ७० मारणारी तिथं ६० लाही लाल दिवा खाते. जो काही आकडा ती घरी सांगते तो थांबवून मोजला का, हे विचारा.

कापूसकोंड्या
सर हेच तं म्हणतो मी. बेंच नाही, पंच नाही, पुढं इंटरनॅशनल क्लासिफिकेशनले, म्हणजे अपंगत्व तपासून पात्र ठरवून घ्याले, परदेशात जा, तो खर्च सोयाबीनच्या भावात निघते का? मेडल आलं तं सरकार ७५ लाख देते गोल्डले, ब्राँझले ३०. नाही आलं तं?

लाल_दिवा_पांढरा_दिवा
मी स्वतः लिफ्ट करते, वाशीम जिल्हा, पोलिओ नाही, जन्मापासून पाय असे. काका तुमचं अर्धं बरोबर आहे आणि त्याचाच मला राग येतो. नोकरी घ्यावीच. पण "आधी नोकरी मग खेळ" मधलं ते "मग" कधीच येत नाही हो, नोकरी लागली की लग्नाचं बघतात. दोन्ही सोबत करू द्या ना. हा काही विशीत संपणारा खेळ नाही. मेक्सिकोची अमालिया पेरेझ, बायकांचं पॉवरलिफ्टिंग पॅरालिम्पिकमध्ये आलं २०००ला, तेव्हापासून पॅरिसपर्यंत एकही स्पर्धा मेडलशिवाय नाही, दोन सिल्व्हर, लागोपाठ चार गोल्ड, मग ब्राँझ. आणि मेडल आलं नाही तरी खेळाडूंचा ५ टक्के कोटा वेगळा आहेच, दिव्यांगांचा ४ टक्के वेगळा. त्यासाठी स्पर्धेत नंबर लागतो आणि सर्टिफिकेटची पडताळणी आधी करून ठेवावी लागते, जाहिरात निघाल्यावर पळापळ करून काही होत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला टाइमपास म्हणता तोही नोकरीचाच रस्ता आहे.

बे_दुणे_चार
९ टक्के ऐकायले भारी वाटते, आमच्या जिल्ह्यात जागा किती निघतात ते बोला.

आर्वीची_ताई
मग गोळाफेकवाल्यांना कुठल्या जागा मिळतात रे बाबा, त्याच ना?

कापूसकोंड्या
लाल दिवा ताई, कोट्याचं पाहतो. पण दोन्ही सोबत म्हणजे सकाळी कॉलेज, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी जिम आणि शेवटची एसटी साडेसहाची. तिले आणाले कोण जाईल रोज?

लाल_दिवा_पांढरा_दिवा
तुम्ही. बाइक आहे ना?